कोपऱ्याचा हात

आपलं भविष्य कळावं अशी हौस प्रत्येकाला असते. फक्त ते शेजाऱ्याला आपल्याआधी कळू नये, एवढीच अट असते. पंचांगानं नेमकी तीच अट मोडली.

पंचांग हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं. कंपनीचं नाव लांबलचक होतं आणि ते कंपनीच्या माणसांनाही एका दमात म्हणता येत नसे. वस्तू तशी साधी. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ बाही, एक हातावर आणि एक गुडघ्याखाली. स्नायू आवळायच्या आधी त्याच्यात विजेची कुजबुज होते, ती ही बाही ऐकते. मेंदूचा निरोप पायापर्यंत किती वेगानं पोचतो ते मोजते. घामावरून कालची झीज आज कितपत भरून आली ते ताडते. मग ही सगळी माहिती लाखो खेळाडूंच्या माहितीशी पडताळून पडद्यावर एक रेघ काढते : पुढच्या दोन वर्षांत हे शरीर कुठवर जाईल. रेघ दर वेळी खरी ठरायची असं नाही. पण ज्योतिषापेक्षा बरीच जास्त वेळा खरी ठरायची, आणि ज्योतिषावर तर लोकांनी शतकं काढली होती.

बघता बघता कबड्डी लीगमधल्या प्रत्येक संघानं पंचांग घेतलं. तिशी उलटलेल्या खेळाडूकडं लोक उतरत्या उन्हाकडं बघावं तसं बघायला लागले. गावोगावच्या मंडळांतून शाळकरी पोरांच्या पोटऱ्यांना बाह्या चढल्या. सांगली-मिरजेकडं तर सोयरीक जमवतानाही खेळाडू मुलाची पत्रिका नंतर, रेघ आधी मागायला लागले. मिरज मल्हार संघातल्या रोशन ऐवळेचं जमत आलेलं लग्न अशाच एका रेघेवर मोडलं. मुलीचे वडील म्हणाले, "मुलगा सालस आहे, पण नसा संथ आहेत."

या मिरज मल्हारची व्यवस्थापक होती शैलजा मगदूम. एके काळची राज्यस्तरावरची चढाईपटू. गुडघ्यानं साथ सोडल्यावर संघ सांभाळायला लागली. लीगमध्ये पहिल्यांदाच एका बाईकडं पुरुषांचा संघ आला होता. पहिल्या बैठकीला पोरं एकमेकांकडं बघून मिशीतल्या मिशीत हसत होती, ज्यांना मिशी नव्हती तीसुद्धा. तेव्हा कप्तान बाबासो नलवडे उठून म्हणाला होता, "ताई सांगतील ते व्हईल. ज्याला पटत न्हाई त्यानं चपला घालाव्यात." कुणी चपला घातल्या नाहीत. शैलजा माणसांचा हिशोब मनात ठेवणारी बाई. बाबासोच्या नावावर जमेच्या बाजूला तिनं ते वाक्य पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

पुढच्याच वर्षी संघ विजेता झाला. त्याला आता चार वर्षं झाली होती आणि मिरज मल्हार तळाला होता.

*

संघाचे मालक अरविंद शेडबाळे हळदीचे व्यापारी. त्यांनी शैलजाला सांगलीच्या गोदामात बोलावून घेतलं. तिथं बोलणाऱ्याचे शब्दसुद्धा पिवळे होऊन बाहेर पडतात.

"मगदूमबाई, हळकुंड कितीही नामी असू दे, कीड लागायच्या आधी विकायचं. लागल्यावर पोतं उघडलं की गिऱ्हाईक वासावरनंच ओळखतंय."

"काका, माणसं आहेत ती."

"मग? माणसाला तर आणखी लवकर लागते."

प्रस्ताव रोहतक रणबाज या संघाचा होता. ते पहिल्या क्रमांकावर होते. त्यांना यंदाचाच चषक हवा होता आणि त्यासाठी मुरलेली माणसं हवी होती : कोपरा सांभाळायला बाबासो, चढाईला इम्तियाज सतारमेकर. दोघंही पस्तिशीच्या आसपास, दोघांच्याही पंचांगातली रेघ पुढच्या वर्षी उताराला लागणारी. बदल्यात रोहतक विशीतले दोन खेळाडू देत होतं, त्यांच्या रेघा जिना चढल्यासारख्या वर जात होत्या.

"त्यांना यंदाचं लग्न उरकायचंय," शेडबाळे म्हणाले, "आणि आपल्याला संसार थाटायचाय. दोघांचं भलं. आणि त्यांनी मागितला तर तो रोशनही देऊन टाका. वर कढीपत्ता म्हणून."

"बाबासोनं तुम्हाला चषक दिलाय, काका."

"दिलाय की. घरात काचेच्या कपाटात ठेवलाय, रोज पुसतोय. बाबासोला कपाटात ठेवता येत न्हाई, त्याला मॅटवर उभं करावं लागतंय." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी अदलाबदलीची मुदत संपते. लीगच्या नियमानं सही तुमची लागते. मी जबरदस्ती करत न्हाई."

"आणि पोरांनी विचारलं तर काय सांगू?"

"पंचांगानं केलं म्हणायचं. सगळे तेच सांगतात. अहो, यंत्राचा खरा उपयोग तोच आहे."

*

इम्तियाज सराव हॉलमध्ये दोन्ही गुडघ्यांवर बर्फ ठेवून भिंतीला टेकला होता. शैलजा जवळ बसली, तब्येत विचारली, पाणी दिलं.

"ताई, एकदम मायेनं बोलालायसा," तो म्हणाला. "कुठं धाडालायसा?"

शैलजानं सांगून टाकलं.

"मग धाडा की! तिथं निदान जिंकताना तरी बघीन. हितं हरून हरून हसायची सवय लागलीया, घरात बायकोला वाटतंय मी सुखात हाय."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय की." इम्तियाजचं घराणं पिढ्यान् पिढ्या मिरजेत सतारी करणारं. त्यानं गुडघ्यावरचा बर्फ सरकवला. "अब्बा म्हणतात, लाकूड जुनं झालं की सूर गोड लागतो. गुडघ्याबद्दल मात्र त्यांनी असं कधी म्हटल्यालं माझ्या कानावर न्हाई." मग त्याचं हसू जरा ओसरलं. "माझं सोडा, बाबासोचं बघा. तो मिरज सोडून जाणार न्हाई. आणि गेला तर तुमचा बचाव उभा ऱ्हातोय का तेबी बघा. समदी त्याच्या हातावर हायत."

तो हात ही मिरज मल्हारची खासियत होती. कबड्डीत बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे राहतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण बाबासो ज्या मैदानात घडला, त्या कृष्णाघाटावरच्या वस्तादांचा एक कडक नियम होता : कोपऱ्याचा हात दाबल्याबिगर कुणी झेप घ्यायची नाही. कोपऱ्यातल्या माणसाला चढाईवाल्याचे दोन्ही पाय दिसतात. त्याला संधी दिसली की तो शेजाऱ्याचा हात दाबणार, शेजारी पुढच्याचा, आणि सगळी साखळी एका झटक्यात मिटणार. कुणी शहाणपणा करून आधी उडी मारली, तर पकड झाली तरी त्याला संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लागायच्या. बाबासोनं हाच नियम मल्हारच्या पोरांच्या हाडात मुरवला होता.

शैलजा तिथून उठली ती सरळ यतीन कर्वेकडं गेली. तिच्या डोक्यात साधा विचार होता. पंचांग एकेकट्या शरीराचं मोल सांगतं. हाताचं मोल ते धरतच नाही. ते कुणी मोजून दाखवलं, तर शेडबाळ्यांचं तोंड बंद होईल.

*

यतीन पुण्याचा. मज्जातंतूंवर संशोधन केलेला, आणि सांगलीत आल्यापासून भडंगावर जगणारा. त्याला ही कल्पना इतकी आवडली की भडंगाची पुडी त्यानं खाली ठेवली. त्यानं सातही खेळाडूंच्या बाह्या एकाच घड्याळाला जोडल्या आणि दोन दिवस सराव टिपला. शुक्रवारी सकाळी त्यानं शैलजाला पडद्यासमोर बसवलं.

"मॅडम, तुमचे वस्ताद मोठे गृहस्थ होते. डोळ्यांनी बघून पाय हलायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा अंगाला झालेला स्पर्श कळून हलायला कमी लागतो. डोळ्यांच्या निरोपाला मेंदूत बरेच टप्पे असतात, कातडीच्या निरोपाला कमी. फरक डोळ्याची पापणी लवण्याहून कमी आहे. पण पकड होते की निसटते, हे तेवढ्यातच ठरतं."

"म्हणजे हातानं सांगितलेलं डोळ्यांपेक्षा लवकर कळतं."

"आणि हे बघा." पडद्यावर सात रेघा एकाखाली एक होत्या. बाबासोच्या रेघेवर एक उंचवटा उठला आणि तो पाण्यावरच्या लाटेसारखा खालच्या रेघांमधून सरकत गेला. "संघातल्या जवळजवळ प्रत्येक पकडीचा उगम इथं आहे. हा माणूस एक खेळाडू नाही, सात जणांचा मेंदू आहे. पंचांगाला हे दिसतच नाही, कारण ते प्रत्येकाला एकेकटा वाचतं."

शैलजानं फोन उचलला. शेडबाळ्यांचा नंबर लावतानाच तिच्या चेहऱ्यावर चार वर्षांपूर्वीचं हसू आलं होतं.

"थांबा, मॅडम," यतीन म्हणाला. "अजून एक आहे. ते बघून मग फोन करा."

त्यानं फक्त दोन रेघा ठेवल्या. एक बाबासोची, एक त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्या रोशनची.

"ही बाबासोंच्या बोटांत सुरू झालेली कुजबुज. आणि ही रोशनच्या पोटरीत झालेली."

"रोशनची आधी आहे," शैलजा म्हणाली.

"दर वेळी. त्याला संधी बाबासोंच्या आधी दिसते. तो झेपेला निघतोसुद्धा. आणि त्याच क्षणी नडगीवरचा स्नायू आवळून स्वतःला धरतो. एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. मग हात दाबला जातो, ब्रेक सुटतो, झेप जाते. तोवर चढाईवाला आपल्या अंगणात पोचून पाणी पीत असतो." "रोशनच्या नसा संथ नाहीत, मॅडम. तो आज्ञाधारक आहे. यंत्राला सवय आणि शरीर यांतला फरक कळत नाही. वाट बघणारा माणूस त्याला मंद दिसतो."

"बाकीचे?"

"कमीजास्त सगळेच. जुन्या चित्रफिती काढून मी पोरांचे पाय आणि बाबासोंचे खांदे जुळवून पाहिले. चार वर्षांपूर्वी बाबासो सगळ्यांच्या पुढं होते. तेव्हा वाट बघण्यात फायदा होता. आता ते मागून येतात. आणि पोरं अजून वाट बघताहेत."

शैलजानं फोन खाली ठेवला. एखाद्या संघात एक माणूस थकला की एक जागा थकते. इथं हातात हात होते. एकाबरोबर सातही जण म्हातारे झाले होते.

*

तरी तिनं एक डाव टाकून बघितला. हिशोबी माणूस तोटा दिसला तरी बेरीज एकदा पुन्हा करतोच.

दुपारच्या सरावात तिनं बाबासोला सांगितलं, "आज हात धरायचा, पण दाबायचा नाही."

"मुडद्यागत?"

"मुडद्यासारखा."

"मला जमायचं न्हाई, ताई. तो आपसूक दाबतोय." मग तोच शेजारच्या क्रिकेटच्या नेटमधून यष्टिरक्षकाचा जाडजूड ग्लोव्ह मागून घेऊन आला आणि तो घालून कोपऱ्यात उभा राहिला. रोशननं तो ग्लोव्ह धरला. पोरं हसली.

"आज दादाचा हात बोलणार नाही," शैलजा म्हणाली. "ज्याला दिसेल त्यानं जायचं."

इम्तियाज चढाईला आला. कबड्डी, कबड्डी म्हणत तो पहिल्याच्या दंडाला शिवला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. लग्नात अक्षता वाटत फिरणाऱ्या काकासारखा तो सावकाश फिरला आणि परत गेला. सातही जण जागच्या जागी उभे होते. सगळ्यांच्या माना तिरक्या होत्या, सगळ्यांचे डोळे बाबासोच्या खांद्यावर होते.

रेषेपलीकडं पोचून दम सोडल्यावर इम्तियाज ओरडला, "बचाव करालायसा का फोटू काढून घ्यालायसा?"

शैलजानं बाबासोला बाकावर बसवलं. पोरं बाकाकडं बघायला लागली. तिनं त्याला दाराबाहेर पाठवलं. इम्तियाज मधोमध आला तेव्हा दोघा जणांनी दाराकडं बघितलं.

बाबासोनं दाराच्या काचेतून ते पाहिलं. तो आत आला, ग्लोव्ह काढून बाकावर ठेवला आणि कुणाशी न बोलता निघून गेला.

*

शनिवारी दुपारी तो कृष्णाघाटावरच्या जुन्या मैदानात सापडला. मंडळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मातीच्या अंगणात आता कुणाच्या तरी शेळ्या बांधल्या होत्या. बाबासो चपला काढून मातीत बसला होता. शैलजाही चपला काढून बसली.

"इम्तियाजची बॅग भरून तयार हाय," तो म्हणाला. "लोकरीची कानटोपीबी घेतलीया. रोहतकात थंडी असती म्हणं." शेळी ओरडली, तिच्याकडं त्यानं बघितलं. "माझं काय म्हनतंय तुमचं पंचांग?"

"पंचांग म्हणतंय तू संपलास. ते मला पटत नाही."

"आणि त्यो पुन्याचा पोरगा?"

"तो म्हणतो, तुझ्याशिवाय पोरं उभी राहणार नाहीत."

"मग झालं की! ठेवा मला."

शैलजा म्हणाली, "तू असलास तर ती कधीच उभी राहणार नाहीत. हे कुठल्या यंत्राचं नाही, माझं म्हणणं आहे."

बाबासोनं मातीवर बोटानं एक रेघ ओढली. सवयीनं मध्यरेषाच ओढली असावी.

"म्हंजे मी त्यास्नी वाईट शिकवलं म्हना की."

"चांगलं शिकवलंस. म्हणून तर विसरत नाहीत. वाईट शिकवलेलं पोरं तिसऱ्या दिवशी विसरतात."

"मी सांगीन त्यास्नी. म्हनीन, माझ्या हाताची वाट बघू नगासा."

"काल मी सांगितलं ना? तू दाराबाहेर होतास, तर दाराकडं बघत होते. तू सांगितलंस, तर तुझी आज्ञा म्हणून ऐकतील. परत तुझाच हात."

नदीकडून वारा आला, शेळ्यांनी अंग झाडलं.

"रोशनला माझ्या आदी दिसतंय, व्हय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगतंय? दोन वर्सं झाली, मी दाबायच्या आदीच त्याचा हात गरम हुतोय. मला वाटायचं पोरगं भितंय." त्यानं मातीतली रेघ तळहातानं पुसली. "मला वाटायचं न्हवं. मी तसं वाटून घ्यायचो."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाबासोच्या खात्यावर कुठल्या बाजूला लिहायचं हे शैलजाला ठरवता आलं नाही.

"कागदावर सही कुनाची?" त्यानं विचारलं.

"माझी."

"यंत्राची न्हवं?"

पंचांगानं केलं, असं म्हणायची हीच वेळ होती. ऐकणारा चिडला असता, पण यंत्रावर. दर राखीपौर्णिमेला त्याच्या घरी मिळणारा चहा तिला यापुढंही मिळाला असता.

"नाही. माझी," ती म्हणाली.

बाबासो उठला. अंगावरची माती झटकली. मग त्यानं चपला घातल्या आणि मागं न बघता रस्त्याला लागला.

शैलजानं संध्याकाळी सही केली. शेडबाळ्यांनी रोशनचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तो राहणार."

"त्याची रेघ बघितली न्हाईसा का?"

"बघितली. ती त्याची नाही, बाबासोची आहे."

शेडबाळ्यांना काही कळलं नाही, पण हळदीच्या बाजारात न कळलेल्या गोष्टीवर मान डोलवायची पद्धत आहे. त्यांनी डोलवली.

*

पुढचे सामने बघवत नव्हते. रोहतकहून आलेली दोन पोरं बरी होती, पण साखळीत कुणाचा हात कुणाला काय सांगतोय हेच कुणाला कळेना. लोकांनी शैलजाला उद्देशून फलक केले. एकावर लिहिलं होतं, "आमचा कोपरा परत द्या." बाबासोनं तिचा फोन एकदाही उचलला नाही. खबर इम्तियाजकडून यायची.

"जिंकालोय, ताई. पण ह्याचं अवघड झालंय. ह्यो दर वेळी हात दाबतोय आणि शेजारचं हरियाणवी पोरगं प्रेमानं विचारतंय, 'भाईसाहब, हाथ में दर्द है क्या?' काल तर त्यानं मलम आणून दिलं."

शैलजा हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

इकडं रोशन कोपऱ्यात उभा राहायला लागला होता. एका सामन्यात त्यानं कुणाचा हात दाबायची वाट न बघता झेप घेतली. चुकली. चढाईवाला त्याच्या अंगावरून पलीकडं गेला आणि वर तिघांना बाद करून गेला. रोशन मॅटवरून उतरला तो थेट शैलजासमोर मान खाली घालून उभा राहिला. फेऱ्या मारायला सांगतील म्हणून वाट बघत होता.

"दिसलं होतं का?" तिनं विचारलं.

"दिसलं होतं, ताई."

"मग पाणी पी."

त्यानंतर त्याच्या झेपा वाढल्या. आधी चुकायच्या जास्त, मग कमी. त्याच्या पंचांगातली रेघ हलली, मग चढायला लागली. यतीननं तीनदा तपासून बघितली, यंत्र बिघडलं नव्हतं. लग्न मोडलेल्या त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. रोशनच्या आईनं सांगितलं, "आता आमीबी पत्रिका बघूनच ठरवतो म्हनावं."

*

रोहतकचा संघ मिरजेला आला तेव्हा हॉल खच्चून भरला होता. बाबासो सवयीनं मिरजेच्याच खोलीत शिरला आणि पिशवी आपल्या जुन्या खुंटीला अडकवून बसला. इम्तियाजनं त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. शैलजा दारात होती. बाबासोनं तिच्याकडं बघितलं, मान हलवली, पुढं गेला.

सामना रोहतकच्याच बाजूनं चालला होता. पण उत्तरार्धात मिरजेची पोरं पेटली. एकेक करून रोहतकचे गडी बाद झाले, इम्तियाजही लंगडत बाहेर आला. शेवटी त्यांच्या अंगणात एकच माणूस उरला. आणि चढाईची पाळी रोहतकची होती.

चढाई बाबासोला करावी लागणार होती. आयुष्यभर कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस मध्यरेषा ओलांडून आला. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की त्याचा दम शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

शैलजाच्या लक्षात आलं, तो पोरांच्या पायांकडं बघतच नव्हता. तो हातांकडं बघत होता. या साखळीतला प्रत्येक हात त्यानं घडवला होता. झेपेच्या आधी तो आवळणार, आणि आवळला की मागं सरायचं. हे गुपित त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तो डावीकडं झुकला, परत आला, पाय लांब करून खोटा इशारा दिला. हात सैल होते. त्यानं आणखी अर्धं पाऊल टाकलं. हात सैलच होते.

आणि रोशन त्याच्या घोट्यावर होता.

त्यामागून बाकीचे आले. ढिगाऱ्याखालून बाबासोचा दम आधी बारीक झाला, मग तुटला. रोहतकचा अख्खा संघ बाद, लोण झाला. हॉल उठून उभा राहिला. ढिगारा बाजूला झाला तेव्हा खाली दोघंच होते. रोशननं घोटा अजून सोडला नव्हता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुनाचा हात दाबला रं?" बाबासोनं धापा टाकत विचारलं.

"कुनाचाच न्हाई, दादा."

"मग?"

"दिसलं. गेलो."

बाबासो पाठीवर पडल्या पडल्या हसायला लागला. पलीकडच्या रेषेवर इम्तियाज त्याच्याहून मोठ्यानं हसत होता. मग बाबासोनं हात वर केला, उठव म्हणून. रोशननं घाईघाईनं तो धरला.

सामना शेवटी थोड्या गुणांनी रोहतकनंच जिंकला. पण त्या क्षणी मिरजेत कुणी गुणफलकाकडं बघत नव्हतं. यतीन मात्र आपल्या पडद्याकडं बघत होता आणि त्याच्या कपाळाला आठी होती.

"मॅडम, हे काय आहे? पंचांनी शिट्टी दिलीय, खेळ थांबलाय, आणि रोशनच्या हातावर हा केवढा दाब आलाय. बाहीत बिघाड असेल का? काढून टाकू ही नोंद?"

शैलजानं मॅटकडं बघितलं. बाबासो उठून उभा राहिला होता. रोशनचा हात त्यानं अजून सोडला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "परवानगी आहे ती. जरा उशिरा पोचली."